नाव ठेवलं, मजकूर नेला

१

कव्हर तेच होतं. खाकी कागदाचं, कोपऱ्यांना झिजलेलं, वर चिठ्ठी चिकटवलेली : ‘सुधाकर विष्णू खिरोडकर, इयत्ता सातवी, सन १९४३.’ मी काचेच्या कपाटातून ती वही काढून हेडमास्तर राजनकर सरांच्या हातात दिली. त्यांनी मधलं पान उघडलं. मग पुढचं. मग शेवटचं.

“शैलजाबाई, ही तर कोरी आहे.”

मला वाटलं, सर थट्टा करताहेत. पण सर थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हते. वहीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर नव्हतं.

१९७४ सालच्या जानेवारीतला तो शनिवार. सकाळची शाळा सुटली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत डॉ. सुधाकर खिरोडकरांचा सत्कार व्हायचा होता. आमच्याच शाळेचा हा विद्यार्थी अमेरिकेत जाऊन गणकयंत्राला विचार करायला शिकवून आला होता. परत आल्यावर एका मोठ्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी कृत्रिम बुद्धीचा विभाग उभा केला. त्यांच्या हाताखाली अकरा जण डॉक्टर झाले होते. आणि या सगळ्याचं मूळ त्या वहीत होतं.

वाघ-बकरीचा खेळ इकडे देवळाच्या ओट्यावर रेघा ओढून खेळतात. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघानं बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. त्या वहीत पहिल्याच पानावर डाव संपलेला होता, वाघ कोंडलेला. दुसऱ्या पानावर त्याच्या एक चाल आधीचा डाव. तिसऱ्यावर आणखी एक चाल आधीचा. असं शेवटापासून मागे मागे येत वहीनं दाखवून दिलं होतं, की कुठून निघालं म्हणजे वाघ सुटूच शकत नाही. हीच रीत खिरोडकरांनी पंधरा वर्षांनी यंत्राला शिकवली. शाळेच्या जुन्या पेटीत ही वही मलाच सापडली होती. मी गणित शिकवायची. नवऱ्याची बदली इकडे झाली म्हणून पुण्याहून आलेली, आणि मनातून अजून पुण्यातच राहणारी.

शुक्रवारी चार वाजता मी त्या वहीतली तीन पानं मोठ्या तक्त्यांवर हुबेहूब उतरवली होती. तेव्हा वही शाबूत होती. कपाट हॉलमध्ये होतं, आणि त्याची किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. शनिवारी सकाळी हॉलमध्ये आले ते तिघे. सत्कार समितीचे अध्यक्ष दयारामशेठ, मंडपाची मापं घ्यायला. खिरोडकरांचे जुने शिक्षक नारायण गुरुजी, फोटो बघायला. आणि झुंबरबाई, आमच्या शाळेची शिपाईण, झाडायला आणि काचा पुसायला.

पुढचं लिहिताना आजही माझे कान तापतात.

झुंबरबाईनं आदल्या आठवड्यात शाळेची रद्दी विकली होती. तेवढ्यावरून मी तिला हाक मारली. हॉलमध्ये सर होते, दयारामशेठ होते, चार शिक्षक होते. सगळ्यांसमोर मी म्हणाले, “वही तुम्हीच रद्दीत घातली. तुम्हाला काय कळणार त्यातलं!”

“म्या नाई घातली, बाई.”

“पिशवी दाखवा.”

ती हलली नाही. मीच तिच्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि टेबलावर उलटी केली. दोन भाकरी, ठेच्याची पुडी, पेन्सिलीचा एक तुकडा आणि पहिलीचं फाटकं पुस्तक. ती लिहायला-वाचायला शिकत होती, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांना झालं. दयारामशेठ हसले.

झुंबरबाईनं भाकरी पुन्हा बांधली. पुस्तक तेवढं पदराखाली घेतलं. “बाई,” ती म्हणाली, “म्या रद्दीत टाकाची असती तं अख्खी टाकली असती. कव्हर काढून दुसऱ्या वहीले काऊन घालू?”

आणि ती निघून गेली. तिचा प्रश्न बरोबर होता. मला तो ऐकूच आला नाही.

२

आम्ही शालिग्रामभाऊंच्या घरात पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. शालिग्रामभाऊ तायडे मूळचे पिंपळगाव राजाचे. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या टपाल डब्यात काढला होता, भुसावळ ते नागपूर, धावत्या गाडीत पत्रं वेगळी करत. अर्धा पत्ता पुसलेला असला तरी पत्र कुठं जायचं हे ते अक्षरावरून सांगत, असं लोक म्हणायचे. दिवेलागणीला मी त्यांना सगळं सांगितलं. पिशवीचंही सांगितलं, कारण ते लपवलं असतं तर बाकीचं सांगता आलं नसतं.

ते म्हणाले, “झुंबरनं तुमाले उत्तर देलं होतं, बाई. तुमी तिचा झोरा उलटा करून राह्यल्या होत्या, म्हनून आयकू नाई आलं.”

मी खाली मान घातली.

“हे पाहा. चोर वही नेते तवा अख्खी नेते. यानं कव्हर सोडवलं, दुसऱ्या वहीले चढवलं, कपाटात जागच्या जागी ठेवलं. कव्हरावर काय हाय? सुधाकरचं नाव. म्हनजे यानं नाव ठेवलं आन् मजकूर नेला. ज्याले सुधाकरचं वाईट कराचं असन, तो असं करन?”

“नाही.”

“ज्याले सुधाकरचं नाव जपाचं हाय, तोच असं करन.”

मी कोरी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पान दोन बोटांत धरून चोळलं, उजेडाकडे धरलं. कागद पिवळट, खरखरीत होता. मध्ये मध्ये गवताच्या काड्यांसारखे धागे दिसत होते.

“हा लढाईतला कागद हाय. त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा. आमच्या डब्यात असेच फारम येत. आता बजारात धुंडून सापडत नाई.” त्यांनी वही मिटली. “सत्काराचा चोर एकतीस वर्सं जुनी कोरी वही खिशात घेऊन फिरते. कोनाच्या घरी असन ती?”

मी विचार करत होते, तोच ते उठले. “पयले दयारामशेठकडं जाऊ. त्याईले हसू काऊन आलं, तेही इचारू.”

३

दयारामशेठ आपल्या जिनिंगच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. समोर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. ते खिरोडकरांचे वर्गबंधू. त्रेचाळीस साली जी स्कॉलरशिप खिरोडकरांना नागपूरला घेऊन गेली, तिच्या परीक्षेत दयाराम दुसरे आले होते. हे ते गावाला अधूनमधून ऐकवत.

“या, बाई! चोर सापडला का?”

“शेठ,” शालिग्रामभाऊ म्हणाले, “ते स्कॉलरशिप तुमाले भेटाले पायजे होती, असं तुमी म्हनता. काऊन?”

“कारण गणितात मी त्याच्या पुढं होतो. सगळ्या वर्गाले माहीत आहे. पण त्या साली परीक्षकांनी नवीन काढलं. पोरानं आपल्या डोक्यानं केलेलं काहीतरी दाखवावं म्हणे. सुधाकरनं ती वही दाखवली, आणि संपलं.” ते पुढं वाकले. “मी ती वही चोरली असं वाटतं तुम्हाले? अरे, चोरायची असती तर त्रेचाळीस सालीच चोरली असती.”

“मग दुपारी हसलात का?” मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. “ते हसायला नको होतं. बाईच्या पिशवीत पहिलीचं पुस्तक… तोंडातून निघून गेलं.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “पण एक गंमत सांगतो. ती वही शाळेत सगळ्यांना दाखवली तेव्हा मी गुरुजींना म्हटलं होतं, गुरुजी, हे सुधाकरचं कसं? गुरुजींनी छडी उगारली.”

“कसं म्हणजे?”

“अहो, देवळाच्या ओट्यावर आम्ही रोज वाघ-बकरी खेळायचो. बकऱ्या घेऊन सुधाकरनं एकदाही वाघ कोंडला नाही. एकदाही! तो रोज हरे.”

४

रविवारी सकाळी आम्ही हॉल उघडला. खिरोडकर मोटारीनं येऊन विश्रामगृहात उतरले होते. फाटकावर केळीचे खांब लावणं चाललं होतं. झुंबरबाई आली नव्हती.

माझे तीन तक्ते भिंतीवर तसेच होते. वही नेणाऱ्याच्या ते ध्यानात आलं नव्हतं, किंवा उतरवायला वेळ मिळाला नव्हता. शालिग्रामभाऊ चष्मा कपाळावर चढवून एकेका तक्त्यापुढं उभे राहिले.

“हे शब्द तुमचे हायेत का?”

“नाही. वहीत होते तसेच उतरवलेत. पटावरच्या प्रत्येक घराला काहीतरी नाव दिलं होतं. मला वाटलं, लहान मुलाचा खेळ.”

त्यांनी बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. “विहीर. थारोळं. पाट. वाफा. बांध. कुपाटी.” पुन्हा वाचलं, आणि वळले. “बाई, हे पानी चाललं हाय. इहिरीतून मोट वर येते, थारोळ्यात पडते. थारोळ्यातून पाटात. पाटातून वाफ्यात. बांधाशी थांबते. बांधाच्या पल्याड काट्याची कुपाटी. कोनीतरी आपला मळाच पटावर मांडला. सुधाकरचा बाप काय करे?”

“तहसील कचेरीत कारकून होते. गावातच राहायचे.”

“मळा?”

“नव्हता.”

मी धावत घरी गेले आणि खिरोडकरांचा छापलेला इंग्रजी लेख घेऊन आले, एकोणसाठ सालचा. प्रदर्शनासाठी त्यांच्या संस्थेकडून मागवला होता. तो मी अभिमानानं तीनदा वाचला होता. त्यात पटाची आकृती होती आणि घरांना अक्षरं दिली होती. ए, बी, सी नव्हे. व्ही, टी, पी, डब्ल्यू, बी, के.

शालिग्रामभाऊंना इंग्रजी पत्त्यांपुरतं येत होतं. तेवढं पुरलं. “व्ही म्हनजे विहीर,” ते हळूच म्हणाले. “टी, थारोळं. पी, पाट.”

“डब्ल्यू, वाफा,” मी म्हणाले. त्या आकृतीखाली बारीक टीप होती. मी ती त्यांना मराठीत सांगितली : “घरांची अक्षरं स्वैर निवडली आहेत. त्यांना काही अर्थ नाही.”

बाहेर कुणीतरी ध्वनिक्षेपक लावून बघत होतं. एक, दोन, तीन, असा आवाज हॉलभर फिरला.

“सुधाकरची नसन, तं वही कोनाची?” मी तोंड उघडायच्या आत शालिग्रामभाऊच म्हणाले, “ते ज्याच्या घरी जुनी कोरी वही होती, त्याले इचारू. लढाईत वह्या मोजून भेटत, बाई. आन् पोराईले वाटाले त्या मास्तराच्या हाती देत.”

५

नारायण गुरुजींनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं, आणि काही न विचारता आत जाऊन खुर्चीत बसले. अडुसष्ट वर्षांचे होते. शुक्रवारी मी त्यांना वही दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला होता आणि ‘छान’ एवढंच म्हणाले होते. शनिवारी सकाळी मीच त्यांना हॉलमध्ये खुर्ची दिली, चहा आणून दिला, आणि म्हातारा माणूस निवांत बसू दे म्हणून एकटं सोडलं.

“झुंबरबाईला तुम्ही काय केलंत ते मला संध्याकाळी कळलं,” ते म्हणाले. “तेव्हाच यायला हवं होतं मी. चप्पल घातली होती. पुन्हा काढली.”

उशीखालून त्यांनी वही काढली. कव्हर नसलेली, शिवण सुटलेली.

“आज सगळं गाव ही बघणार होतं, म्हणून काढून आणली. जाळणार होतो. तीनदा काडी ओढली.”

“कोनाची हाय, गुरुजी?” शालिग्रामभाऊंनी विचारलं.

“पंचफुलाची.”

मला नाव ओळखीचं वाटलं. मग आठवलं, आणि ते आठवणं फार वाईट होतं. गावाबाहेरच्या मळ्यातली पंचफुलाबाई. मी तिच्याकडून वांगी घ्यायची. हुज्जत घालून घ्यायची.

“चौथीपर्यंत होती माझ्याकडं,” गुरुजी सांगू लागले. “माळ्याची पोर. ओट्यावर मोठ्या मुलांना हरवायची. मी विचारलं, कसं गं? म्हणाली, गुरुजी, म्या पुढून नाई इचार करत, मांगून करतो. मी तिला वही दिली. म्हटलं, लिहून काढ. तीन महिन्यांत भरून आणली. आणि त्याच वर्षी तिचं लग्न झालं. अकरा वर्षांची होती. मी तिच्या बापाला एक शब्द बोललो नाही. तेव्हा बोलायची रीत नव्हती.”

“आणि वही?”

“माझ्याकडंच राहिली. मग ती परीक्षा आली. सुधाकर हुशार होता, गरीब होता, मुलगा होता. मला वाटलं, पोर तर गेली सासरी, वही तिच्या काय कामाची? कव्हर घातलं. चिठ्ठी मीच लिहिली.” त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. “सुधाकर रडला होता. म्हणाला, गुरुजी, हे माझं नाही. मी त्याला म्हटलं, होईल. तू मोठा हो, म्हणजे ते तुझं होईल.”

“विधवा होऊन ती माहेरी परत आली, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी तिच्याकडून भाजी घेतो. गुरुजी म्हणून ती रोज वरून चार मिरच्या टाकते. मी घेऊन येतो.”

६

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात डॉ. खिरोडकर भाषणाचे कागद चाळत बसले होते. उंच, पांढरे केस, अंगावर कोट. शालिग्रामभाऊंनी वही त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि मागे सरले.

ते वहीकडे नुसते बघत राहिले. हात लावला नाही.

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“आम्हा दोघांना. आणि गुरुजींना.”

“म्हणजे अजून…” ते म्हणाले आणि थांबले. आपण काय बोलायला निघालो होतो हे त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी कोटाची बटणं काढली, पुन्हा लावली. “अमेरिकेत पहिल्या वर्षी मला काहीच जमत नव्हतं. परत पाठवतील अशी वेळ आली. तेव्हा ही वही आठवली. मनात म्हटलं, एकदाच. त्या एकदाच्या वर बाकीचं सगळं उभं आहे.” मग त्यांनी विचारलं, “ती आहे?”

“मळ्यात असन,” शालिग्रामभाऊ म्हणाले. “तीन फर्लांग हाय.”

ते मोटार नको म्हणाले. आम्ही चालत गेलो. पंचफुलाबाई वांगी तोडत होती. बेचाळीस वर्षांची, पण दिसायला जास्त. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“कोन? खिरोडकर बाबूचा सुधाकर? मायबाई, केवढा झाला तू!” मग जीभ चावली. “तुमी.”

त्यांनी वही पुढं केली. तिनं लुगड्याला हात पुसले, पहिलं पान उघडलं आणि तिथंच बांधावर बसली.

“हे त माही वही व्हय. मले वाटलं, गुरुजीनं चुलीत घातली असन.”

“पंचफुला, मी हे… मी ही रीत तिकडं यंत्राला शिकवली. गणकयंत्राला.”

“ते खेयते?”

“खेळतं.”

“जिकते?”

“जिकते,” ते म्हणाले. इतका वेळ ते शुद्ध बोलत होते. आता बोली आपोआप आली.

“बकऱ्या घेऊन?”

“बकऱ्या घेऊन.”

ती हसली. असं निर्मळ हसू मी मोठ्या माणसाच्या तोंडावर क्वचित पाहिलं असेल. मग ते हळूहळू ओसरलं.

“तिकडच्या लोकाईनं इचारलं नाई, हे कोनाचं हाय मनून?”

“इचारलं.”

“मंग?”

“मी सांगतलं, माहं.”

वाऱ्यानं पान उलटलं. तिनं ते हातानं दाबून धरलं.

“सासरी म्या कोयशानं भुईवर घरं काढो,” ती म्हणाली. “सासू म्हने, पोरीले लागिर झालं. सारवून टाके. म्या पुन्हा काढो, ते पुन्हा सारवे. मंग मलेबी वाटाले लागलं का डोक्यातलं खूयच असन. सोडून देलं.” तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “एकतीस वर्सं म्या त्याले खूय समजली. आन् तुमी सांगाले आले का ते खूय नव्हतं. आता म्या काय करू त्याचं? कुठं ठेवू?”

डॉ. खिरोडकर वाफ्यात गुडघ्यावर बसले. चिखलात. “माफी मागाले आलो.”

“मले मागून काय होते? माह्यासमोर तुमी काई म्हनलंच नव्हतं. ज्याईच्यासमोर माहं म्हनलं, त्याईच्यासमोर जा न.”

ती उठली. वही तिनं त्यांना परत दिली नाही. टोपली डोक्यावर घेतली, वही काखेत मारली आणि विहिरीकडे गेली.

७

पाच वाजता हॉल भरला होता. खिरोडकर तसेच आले, पँटला गुडघ्यांवर चिखल. हार घालायला दयारामशेठ पुढं झाले, तेव्हा त्यांनी हात जोडून थांबवलं आणि आधी बोलायला उभे राहिले. भाषण चार मिनिटांचं झालं. त्यांनी वहीचं सांगितलं, नाव सांगितलं, गाव सांगितलं. गुरुजींना दोष दिला नाही. “मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा माझ्याकडून एक लबाडी करवली गेली,” ते म्हणाले, “पण अठ्ठाविसाव्या वर्षी ती मी स्वतः केली, आणि त्यानंतर रोज.”

पहिल्या रांगेतले लोक आपापल्या चपलांकडे बघत होते. राजनकर सर घाईनं आभार मानायला उठले आणि सवयीनं ‘आजचा हा आनंदाचा दिवस’ म्हणून अडकले. दयारामशेठच्या हातातला हार तसाच राहिला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं होतं, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. गुरुजी आले नव्हते. पंचफुलाबाईही.

खिरोडकरांनी विभागप्रमुखपद सोडलं. लेख छापणाऱ्या अमेरिकेतल्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. ऑगस्टमध्ये तिथं पाच ओळींचा खुलासा छापून आला. पंचफुलाबाईचं आडनाव चुकीचं छापलं होतं. शालिग्रामभाऊंनी तो कागद मळ्यात नेऊन वाचून दाखवला. तिनं विचारलं, “हे तिकडं समद्याईनं वाचलं असन?” ते म्हणाले, “वाचलं असन.” ती म्हणाली, “बरं.” त्यापलीकडे ती कधी त्यावर बोलली नाही. खिरोडकर पुढं त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून शिकवत राहिले. त्यांच्या अकरा विद्यार्थ्यांपैकी दोघांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, असं ऐकलं.

माझं स्वतःचं सांगायचं राहिलं, ते सत्काराच्या दुसऱ्या दिवसाचं, सोमवारचं.

रविवारी संध्याकाळी मी झुंबरबाईच्या घरी जायला निघाले होते. अर्ध्या वाटेत पंचफुलाबाईचे शब्द आठवले आणि पाय थांबले. घरी जाऊन हळूच माफी मागणं मला सोपं होतं, म्हणूनच मी निघाले होते. मी परत फिरले आणि तिला शाळेत येण्याचा निरोप तेवढा सरांकडून पाठवला.

सोमवारी ती आली. प्रार्थना झाली. चारशे मुलं, सगळे शिक्षक. मी पायरीवर उभी राहिले. पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवलेली मी, आणि मला वाक्य जुळेना.

“शनिवारी मी झुंबरबाईंवर चोरीचा आळ घेतला,” मी म्हणाले. “तो खोटा होता. त्यांनी मला खरं काय ते त्याच वेळी सांगितलं होतं, पण ते त्यांनी सांगितलं म्हणून मी ऐकलं नाही. त्यांची पिशवी मी सगळ्यांसमोर उलटी केली. मला त्याची लाज वाटते. झुंबरबाई, मी तुमची माफी मागते.”

चारशे माना तिच्याकडे वळल्या. झुंबरबाई व्हरांड्याच्या खांबाशी उभी होती. ती हसली नाही, रडली नाही. ‘असू द्या’ म्हणाली नाही. मी वाट बघत होते. कशाची ते मला तेव्हा कळलं आणि आणखी शरम वाटली. मला ते ‘असू द्या’ हवं होतं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आकडे तिला आता वाचता येत होते.

“बाई,” ती म्हणाली, “साडेदहा होऊन राह्यले. घंटा देऊ?”

“द्या,” मी म्हणाले.

तिनं घंटा दिली. मुलं रांगेनं वर्गात गेली. मी पायरीवरून खाली उतरायचं विसरून तिथंच उभी राहिले.